अक्काच्या वावराला शिक्का नाही

तुमच्या शेजाऱ्याला चारचौघांत उभं केलं, तुमच्याबद्दल विचारलं आणि त्याला खरं बोलायची मुभा दिली, तर तुमच्या दारावरच्या पाटीतलं किती उरेल?

हे वाचणाऱ्याला विचारते आहे. उत्तराची घाई नाही, लेख संपेपर्यंत ते खिशात ठेवा. तोवर मला अक्काशी बोलायचं आहे. ती गेली त्याला अजून महिना झालेला नाही, आणि तिच्याशी भांडायचं माझ्याकडे पुष्कळ शिल्लक आहे.

अक्का, तुला काय झालं, कुठल्या दवाखान्यात नेलं, कोण वेळेवर पोचलं आणि कोण नाही, हे इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. बाकीच्यांना ते सांगून काय उपयोग? मी लिहिणार आहे ते तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जे घडलं ते. तू तिथे नव्हतीस, आणि तू नाहीस हे बघूनच ते घडलं.

मंडप तुमच्या दारात, सोनगीरला. माणसं भरपूर आली होती. वंदना झाली, तुझे यजमान आबा खाली मान घालून बसले होते, आणि भाषणं सुरू झाली. शेवटी आपल्या मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब उभे राहिले. पांढरा सफारी, हातात रुमाल. म्हणाले, "सेंद्रिय शेतीचा मंडळाचा पहिला शिक्का ज्या वावराला मिळाला, ते वावर होतं आमच्या अक्कांचं."

मी इकडेतिकडे बघितलं. पहिल्या बांधफेरीला हजर असलेली निदान वीस माणसं मंडपात बसलेली होती. सगळ्यांना माहीत होतं की हे खोटं आहे. सगळे शोकात असल्यासारखे जमिनीकडे बघत होते.

मग त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. कापसाच्या गाठीला बांधायची, जाड कागदाची, दोरा ओवायला भोक पाडलेली. वर आपला शिक्का, चार बांध आणि मध्ये बोंड. आणि शिक्क्याच्या शेजारी तुझा फोटो. म्हणाले, "यापुढे आपला प्रत्येक शिक्का अक्कांच्या आशीर्वादानं जाईल. आणि मुंबईच्या खरेदीदाराला माल वेळेवर लागतो, म्हणून कार्यकारिणीनं शिक्क्याची पद्धत थोडी सुलभ केली आहे. मंडळाचा माणूस जीपनं येईल, वावर पाहील, शेतकऱ्याची सही घेईल. बांधफेरीची गरज नाही."

माणूस मेल्यावर त्याचं काम मोडायचं असेल, तर ते त्याच्याच नावानं मोडावं. मग कोणी आडवं येत नाही. हे मी त्या मंडपात शिकले.

बांधफेरी म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला सांगायला हवं. तुला ते दोन वाक्यांत जमायचं. मी प्रयत्न करते. ज्याला आपल्या कापसावर सेंद्रियचा शिक्का हवा, त्यानं आपल्या वावराच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवायचं. सगळ्यांनी मिळून बांधावरून चालायचं. ज्याची बाजू येईल तो शेजारी थांबून सांगणार की माझ्याकडून इकडे काय आलं. फवाऱ्याचा वारा आला का, खताचं पाणी उतरलं का, याच्या वावरात कधी पंप पाठीवर घेतलेला माणूस दिसला का. शेजारी स्वतः विष फवारणारा असला तरी चालतो. उलट तोच हवा. चौघांचं ऐकून झालं की तिथेच बांधावर सगळ्यांनी एका फडक्यावर बसून भाकरी खायची, आणि मग शिक्क्याचं ठरायचं. मागच्या सलग तीन वर्षांबद्दल चौघांनी स्वच्छ सांगितलं तर शिक्का, आणि तो टिकवायला दर वर्षी पुन्हा फेरी. एकानं जरी अडवलं तरी नाही.

शेतकी खात्यातले एक साहेब तुला म्हणाले होते, "बाई, हे शास्त्रीय नाही. प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे?" तू म्हणालीस, "साहेब, प्रयोगशाळा मी पाठवलेली मूठ बघते. शेजारी अख्खा हंगाम बघतो. तुमच्या शेजाऱ्यानं बघितलेलं तुम्ही कुठल्या प्रयोगशाळेत लपवाल?" साहेब हसले. तू हसली नाहीस.

आपली पहिली भेट आठवते? धुळ्याला, जयंतीच्या मैदानावर. माझे बाबा चादर अंथरून पुस्तिका विकायचे. मी त्याच पुस्तिका वाचत वाढले. मला गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत, मला जाहीरनामे सांगितले. तू आलीस, खाली बसलीस, एकेक पुस्तिका उचलून ठेवलीस आणि बाबांना विचारलंस, "भाऊ, मातीवर काही नाही का?"

बाबा दुखावले. "माणसावर आहेत ना एवढी."

"माणूस उभा कशावर आहे?"

तू गेल्यावर बाबा मला म्हणाले, "बाई फटकळ आहे." आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला तुझ्याकडे पाठवलं, मंडळाला लिहिणारं माणूस पाहिजे म्हणून. तू माझं नाव कधी घेतलंच नाहीस. पहिल्या दिवसापासून मी पत्रकवाली. "ए पत्रकवाली, पाणी दे." "ए पत्रकवाली, एवढं चिडून चालतात का, बांध तुटेल."

मी चिडूनच लिहायचे. मंडळासाठी पहिलं पत्रक लिहिलं ते विष विकणाऱ्यांविरुद्ध, आणि शेवटी सोनगीरपासून वर महामार्गालगतच्या गावांत जे जे फवारतात त्यांची नावं. तू वाचलंस. छान आहे म्हणालीस. आणि मग छापलेल्या गठ्ठ्याच्या पुड्या करून त्यात देशी कापसाचं बी बांधलंस आणि ते बी ज्यांची नावं आत होती त्यांच्याच घरी वाटलंस.

मी थयथयाट केला. "अक्का, हे वाचायला लिहिलं होतं."

"वाचतील की. बी काढताना हातात येईलच. आणि नाही वाचलं तरी पेरलं जाईल."

तो वाद आपला कधी मिटला नाही. तुझं म्हणणं, विषाशी भांड, शेजाऱ्याशी नको. माझं म्हणणं, विष हवेतून चालत येत नाही, ते कुणीतरी आणतं, कुणीतरी विकतं, आणि त्या कुणाला तरी नाव असतं. मला अजूनही तसंच वाटतं. तू असतीस तर आज आपण पुन्हा भांडलो असतो.

पण बोदवडला तू जे केलंस, त्यावर माझं तोंड बंद झालं होतं. तिथले एक मोठ्या घरचे शेतकरी. बारा बैलांचं घर. शिक्का पाहिजे होता. बांधफेरी झाली, चारी शेजारी चांगलं बोलले, आणि भाकरीची वेळ आली. तू घरून बांधून नेलेली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यावर ठेवलास. त्यांनी आपला डबा उघडून दोन हात लांब मांडला. जरा ओशाळून म्हणाले, "तसं काही नाही अक्का, पण घरात म्हातारी माणसं आहेत."

तू म्हणालीस, "ज्याला माझी भाकरी चालत नाही, त्याला माझ्या सहीचा शिक्का चालायचा नाही. म्हातारी माणसं असतील तर त्यांना वावरात बोलवा. मी बसते."

आणि बसलीस. शेजारी चुळबुळ करायला लागले. मला वाटलं आता भांडण होणार, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. ऊन कलतं झालं तेव्हा त्यांची आई आली, काठी टेकत, वैतागून. "कोन बसलं हाये? काय पाह्यजे बाईले?" तिला कोणी सांगायच्या आत ती फडक्यावर बसली, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला. सगळे तिच्याकडे बघत राहिले. म्हातारी म्हणाली, "मीठ कमी हाये वं."

तू म्हणालीस, "पुढच्या वेळी तुम्ही आणा."

त्यांना शिक्का मिळाला. पुढच्या वर्षी मीठ म्हातारीनंच आणलं.

आता वाचणाऱ्यांना कळलं असेल की जीपनं येणारा माणूस काय काय वाचवतो. तो नुसता वेळ वाचवत नाही. तो ती भाकरी वाचवतो. भाऊसाहेबांनी एवढ्या वर्षांत एकाही बांधावर भाकरी खाल्ली नाही. जेव्हा जेव्हा फेरीला आले तेव्हा तेव्हा त्यांचा उपवास असायचा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी. तू विनोदानं म्हणायचीस, "भाऊसाहेबांचे देव फार." मी विनोद म्हणून ते कधी घेतलं नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाला आशीर्वादाचं भाषण करून ते जेवणाआधी जीपमध्ये बसले. त्या दिवशी बुधवार होता, अक्का. बुधवारचाही उपवास निघाला. बोदवडची म्हातारी मात्र नातवाच्या आधारानं एवढ्या लांब आली होती. शेवटच्या पंगतीपर्यंत बसून जेवून गेली.

आता पहिल्या फेरीचं सांगते. मंडळ नवीन होतं. कोणाला विश्वास नव्हता की शेजारी खरं बोलेल. तू म्हणालीस, सुरुवात माझ्या वावरापासून करा. तू कित्येक वर्षं त्या काळ्या रानात विषाचा थेंब पडू दिला नव्हतास. सगळ्यांना वाटलं पहिला शिक्का ठरलेलाच आहे, आपण फक्त टाळ्या वाजवायला जायचं. भाऊसाहेबांनी धुळ्याहून फोटोवाला आणला होता.

थंडीची सकाळ. तीन बांध झाले. तिघांनीही काही नाही म्हणून सांगितलं. चौथा बांध लोटननानांचा, उगवतीकडचा. नाना म्हणजे तुझे सख्खे शेजारी. तुझ्या वावरात बैल शिरला तर आधी तुला शिव्या देणार आणि मग तुझ्या बैलाला पाणी पाजणार. ते टोपी सारखी करून पुढे आले. आज आपल्याला मान आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तू विचारलंस, "नाना, तुम्हना बांधवरथीन मन्हा वावरमा काही उनं का?"

"येवाले काय शे? मीच उना व्हतू," नाना म्हणाले. "पंप लिसन."

तू विचारलंस काही आलं का, आणि नाना म्हणतात मीच आलो होतो, पंप घेऊन. कोणाला काही कळेना. तू विचारलंस, "कसाले?"

"कसाले म्हंजे? तू घर नव्हती. बठ्ठा गावले शिकाडत फिरी राह्यनी व्हती. तुन्हा वावरमा अळी पडेल व्हती. मी म्हंतं, बिचारीनं पीक जाई. मारी दिधं औषध. मन्हं मारं, तसं तुन्हं बी मारं." आणि आभाराची वाट बघत उभे राहिले.

असं कुठे घडेल, अक्का? तू खेडोपाडी लोकांना विष सोडायला सांगत फिरत होतीस, आणि तुझं घर बंद बघून शेजाऱ्यानं मायेनं तुझ्या कापसावर विष फवारलं. चोरून नाही. खोडसाळपणानंही नाही. आपल्या भागात शेजारधर्म म्हणून जे करतात, तेच त्यांनी केलं. तू नसताना कोणी तुझी गाय दोहून ठेवतं, कोणी कपडे आत घेतं. नानांनी अळी मारली.

मला वाटलं तू आता ओरडशील. तू नानांचा हात धरून त्यांना खाली बसवलंस आणि म्हणालीस, "बसा नाना. च्या ल्या."

भाऊसाहेब पटकन पुढे आले. हळू आवाजात म्हणाले, पण मी जवळच होते. "अक्का, तुम्ही कुठे फवारलं? दुसऱ्यानं फवारलं. ते कशाला धरायचं?"

"बोंडाला विचारा, कोणी फवारलं ते."

"मग नाना काही बोललेच नाहीत असं समजू. म्हातारं माणूस आहे. लोक विसरतील."

"बोललेच नाहीत असं समजायचं, तर त्यांना बांधावर बोलावलं कशाला?"

आणि तू सगळ्यांकडे वळून मोठ्यानं सांगितलंस, "या वावराला शिक्का नाही. तीन वर्षांनी पुन्हा बघू."

नानांचा चेहरा तेव्हा कुठे उतरला. आपण काय केलं ते त्यांना कळलं, आणि कळताच ते रागावले. हातातली कपबशी खाली ठेवून म्हणाले, "मी भलं कयं, नी माले चोर ठरावतीस?"

"चोर नही, नाना. साक्षीदार शेतस तुम्ही. तुम्ही सांगं नसतं ते आम्हनं बठ्ठं खोटं पडतं."

फोटोवाल्यानं नेमका त्याच वेळी फोटो काढला. तू नानांकडे बघून काहीतरी समजावते आहेस, कपाळाला आठी, आणि नाना तुझ्या खांद्याशी उभे, रुसलेले. आपल्याकडे तुझा तोच एक धड फोटो आहे.

त्या दिवशी मंडळ उभं राहिलं. परत जाताना लोक एकमेकांना सांगत होते की बाईनं स्वतःचं वावर पाडलं. त्यानंतर कुठल्याही बांधावर कोणाची खोटं बोलायची छाती झाली नाही. अध्यक्षीणबाईच्या वावराला शिक्का नाही, म्हणून तर बाकीच्यांच्या शिक्क्याला अर्थ होता. तेव्हा मंडळाची अध्यक्ष तूच होतीस. मग पुढे ती खुर्ची तू भाऊसाहेबांना दिलीस.

आणि इथे मी तुझ्यावर रागावले आहे, अक्का. मेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. तसल्या शिष्टाचाराचं काय होतं ते मी मंडपात बघितलं. तू त्याला का आणलंस? मी तुला चाळीसगावहून धुळ्याला येताना एसटीत विचारलं होतं. तू म्हणालीस, "जिनिंग त्याचं आहे. आपला कापूस दुसऱ्याच्या कापसात मिसळू नये म्हणून यंत्र आधी झाडून घ्यावं लागतं, एक दिवस बंद ठेवावं लागतं. दुसरं कोण देतं? त्यानं दिलं."

"त्यानं यंत्र दिलं. तू त्याला खुर्ची का दिलीस?"

तू खिडकीकडे बघत राहिलीस.

"तो भाकरी खात नाही, अक्का. ज्याच्या घशाखाली भाकरी उतरत नाही त्याच्या हातात शिक्का?"

तू डोळे मिटलेस. डोकं खिडकीच्या दांडीला टेकलंस. धुळं येईपर्यंत उघडले नाहीस. उतरताना एवढंच म्हणालीस की निवांत बोलू. ते निवांत आलं नाही. तू झोपली होतीस की झोपेचं सोंग घेतलं होतंस, हे मला आता कधीच कळणार नाही. मला वाटतं, तुझ्याकडे उत्तर होतं आणि ते तुला आवडत नव्हतं. मला वाटतं, तुझा असा समज होता की माणसाला सारखं बांधावर बोलवत राहिलं की एक दिवस तो फडक्यावर बसतो. बोदवडची म्हातारी बसली होती. लोटननाना बसले होते. तुझा अनुभव तुझ्या बाजूनं होता. पण खुर्चीवर बसलेला माणूस फडक्यावर बसत नाही. खाली बसायला त्याला आधी उठावं लागतं, आणि उठायला तो तयार नसतो. हे माझ्या पत्रकांत लिहिलेलं होतं. तू त्यात बी बांधलंस.

त्यानंतरच्या हंगामांत नाना कसे वागले ते बघितलं तर मला तुझ्यावर धड रागावताही येत नाही. त्यांनी फवारणी सोडली नाही. पण तुझ्या बांधालगतच्या ओळी ते कोऱ्या सोडायला लागले, कोणी न सांगता. आणि रोज कुरकुर. "अक्का, तुन्ह्या अळ्या मन्हाकडे पाव्हन्या येतस. त्यास्ले सांग, आते पुरं." तू म्हणायचीस, "पाव्हन्यास्ले च्या दी दे, नाना." या हंगामात तीन वर्षं पुरी होतात. पावसाळ्यात तू मला म्हणाली होतीस, "या वेळी नाना काय सांगतात ते बघायचं." तुला शिक्क्याची एवढी हौस नव्हती. नाना काय सांगतात, याची होती.

आता मंडपातलं उरलेलं सांगते. भाऊसाहेबांनी चिठ्ठी वर धरली, आणि टाळ्या वाजायला लागणार तेवढ्यात मागून आवाज आला. "भाऊसाहेब, थांबा जरा."

लोटननाना उठले होते. "त्या वावरले शिक्का नही. मीच औषध मारेल शे. बठ्ठास्ले मालूम शे."

काही लोक हसले. भाऊसाहेबही हसले, प्रेमळपणे. "नाना, हे सगळं बोलायचा आजचा दिवस नाही."

"मंग कोन्ता शे?" नाना म्हणाले.

मग कोणीतरी नानांना खाली बसवलं. तू बसवायचीस तसा हात धरून नव्हे, खांदा दाबून. मी उठले. माईक माझ्यापर्यंत आला नाही. मला माईक लागत नाही हे बहुतेक त्यांना माहीत नव्हतं. मी विचारलं, बांधफेरी बंद करायचं कोणी ठरवलं? उत्तर आलं, कार्यकारिणीनं. सभासदांना विचारलं का? उत्तर आलं, दिवाळीनंतर सर्वसाधारण सभा घेऊ, तिथे मंजुरी होईल. आणि मागे तुझ्या आवडीचं म्हणून एक गाणं लावलं. ते तुझ्या आवडीचं नव्हतं.

कार्यक्रमानंतर मी खुर्चीवर विसरलेली ती चिठ्ठी उचलली. ती समोर ठेवूनच हे लिहिते आहे. फोटो पहिल्या फेरीतलाच आहे. तुझी कपाळाची आठी घासून पुसून टाकली आहे, त्यामुळे तू कोणावर तरी प्रसन्न झाल्यासारखी दिसतेस. आणि ज्यांच्याशी तू बोलते आहेस ते नाना कापून टाकले आहेत. पण कापणाऱ्याला तुझा खांदा कापता आला नाही, म्हणून कडेला नानांचं कोपर राहिलं आहे. बंडीची बाही, आणि त्यातून बाहेर आलेलं एक काळं, वाकलेलं कोपर.

हे बघून मला पहिल्यांदा रडू आलं, अक्का. तू गेलीस तेव्हा नाही, मंडपातही नाही. त्या कोपरावर. तुझं सगळं काम त्यांनी एका कात्रीनं सांगून टाकलं होतं. बाई ठेवा, शिक्का ठेवा, शेजारी कापा.

तुझे आभार मानायचे राहिले आहेत. ते मी मानत नाही. ज्या कामाचे आभार मानून झाले ते काम संपलं असं लोक समजतात. माझ्याकडे तुझी बियांची एक पुडी आहे, माझ्याच पत्रकाची. आतल्या बाजूला माझा मोठ्या अक्षरातला राग आणि त्याला चिकटलेली सरकी. तेवढं मी ठेवून घेतलं आहे. आता तू जरा सरकून बस. मला बाकीच्यांशी बोलायचं आहे.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ज्यांना खरोखर द्यायचं आहे, त्यांनी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सोनगीरला या. सर्वसाधारण सभेच्या आधी. अक्काच्या वावराची बांधफेरी ठरलेली आहे आणि ती होणार आहे. जीप येवो न येवो. आबा चारी शेजाऱ्यांना बोलावून आले आहेत. नाना म्हणाले, "मी नही येवाव तर कोन येई?" भाकरी आम्ही बांधू, मीठ बोदवडहून येणार आहे. मंडळाचे सभासद असाल तर याच, म्हणजे सभेत हात वर करताना डोळ्यांनी काय बघितलंय ते हाताला माहीत असेल. शिक्का मिळेलच असं मी सांगत नाही. नानांनी या वर्षी काय केलं ते नानांनाच ठाऊक. ते जे सांगतील ते ऐकून घ्यायला या, आणि ऐकल्यावर खाली बसून भाकरी खायला या. उपवास असेल तर दुसऱ्या दिवशी धरा.

आणि ज्यांना येणं जमणार नाही, त्यांच्याकडे एकच मागणं. उद्या जिनिंगमध्ये, बाजारात, दुकानात, कुठेही, एका बाईचा हसरा फोटो असलेली ही चिठ्ठी तुमच्या हातात आली, तर फोटोच्या कडेला नीट बघा. मग ज्यानं ती चिठ्ठी दिली त्याला, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं विचारा, की हे कोपर कोणाचं आहे. त्याला सांगता आलं नाही, तर माल खाली ठेवा.